उन्हाळी सुट्टीतलं संशोधन: पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांनी दहा आठवडे कसे वापरावेत

पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी संशोधन प्रशिक्षणं साधारण आठ ते बारा आठवड्यांची असतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांची टी-३५ ही अल्पकालीन प्रशिक्षण अनुदानं याच मापाची आहेत. दहा आठवडे धरले तर पहिला आठवडा सुरक्षा प्रशिक्षण, ओळखपत्र आणि यंत्रं वापरण्याच्या परवानग्या यांत जातो. पुढचे दोन तंत्र हातात बसेपर्यंत. शेवटचे दोन विश्लेषण आणि पोस्टरचे. उरले पाच. त्यातला एक यंत्र बंद पडणं, रसायन उशिरा येणं किंवा पेशींत बुरशी शिरणं यासाठी आधीच सोडून द्यावा. म्हणजे खऱ्या कामाला चार आठवडे. प्रश्न किती मोठा घ्यायचा, कोणाकडे काम करायचं, नमुने कुठून आणायचे, हे सगळं या चार आठवड्यांच्या हिशोबावरून ठरवायचं असतं. बहुतेक प्रकल्प अर्धवट राहतात ते विद्यार्थ्याचा हात कच्चा असतो म्हणून नाही, तर हा हिशोब कोणी केलेलाच नसतो म्हणून.

प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

पशुवैद्यकाकडे जैववैद्यकीय संशोधनात एक हुकमी पत्ता असतो: आपोआप होणारे आजार. प्रयोगशाळेतल्या उंदरात आजार बहुधा घडवून आणावा लागतो. कुत्र्याला, मांजराला, घोड्याला तो स्वतःहून होतो. डॉबरमन कुत्र्यांतल्या नार्कोलेप्सीचं मूळ हायपोक्रेटिन (जागं ठेवणारा मेंदूतला संदेशवाहक) याच्या ग्राहकाच्या जनुकात सापडलं ते १९९९ मध्ये, आणि त्यातून माणसाच्या झोपेच्या विकाराकडे पाहायची दिशा बदलली. आरपीई-६५ या जनुकातल्या दोषामुळे जन्मतः दृष्टी अधू असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांवर जनुकोपचार यशस्वी झाल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच जनुकासाठीचा मानवी उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाला. तेव्हा दवाखान्यात पडलेला प्रश्न लॅबच्या दारात सोडून येऊ नका.

पण तो कापून छोटा करा. ‘कुत्र्यांच्या ऑस्टिओसार्कोमात (हाडाच्या कर्करोगात) गाठी फुप्फुसात का पसरतात?’ हा पाच वर्षांचा प्रश्न आहे. ‘पॅथॉलॉजी विभागात साठवलेल्या २४ गाठींच्या मेणाच्या ब्लॉकमध्ये अमुक एक प्रथिन रंगतं का, आणि रंगण्याची तीव्रता गाठीच्या ग्रेडबरोबर बदलते का?’ हा उन्हाळ्याचा. कसोटी सोपी आहे: प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याखाली रिकामा आलेख काढा. आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, किती ठिपके. आलेख काढता येत नसेल तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

साठवलेले नमुने हा उन्हाळी प्रकल्पाचा सगळ्यात मोठा आधार, कारण नवे प्राणी वापरायचे तर नीतिसमितीची मंजुरी लागते आणि ती यायला अनेकदा आठवडे नव्हे, महिने लागतात. मात्र साठवलेल्या नमुन्यांनाही इतिहास असतो आणि तो विचारावा लागतो. वरच्याच उदाहरणात: हाडाचे तुकडे कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम काढतात. ते आम्लाने काढलं असेल तर त्या ब्लॉकमधला आरएनए जवळजवळ निकामी झालेला असतो. ईडीटीएने (कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाने) काढलं असेल तर बरीच आशा असते. ही एक गोष्ट न विचारता आरएनएचा प्रकल्प आखला, तर सहाव्या आठवड्यात हातात काहीच नसतं. फॉर्मॅलिनमधल्या ऊतींचा आरएनए एरवीही तुटकाच असतो, म्हणून तिथे पीसीआरसाठी (जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) १०० बेस-जोड्यांहून लहान तुकडा वाढवणारे प्रायमर (तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए धागे) निवडतात.

किती नमुने लागतील

दोन गटांच्या सरासरीची तुलना करायची असेल तर एक ढोबळ सूत्र तोंडपाठ असावं. अपेक्षित फरकाला प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याच्या मापाने) भागा. जो आकडा येईल त्याचा वर्ग करा. १६ ला त्या वर्गाने भागा. येतात ते प्रत्येक गटातले प्राणी (पाच टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के सामर्थ्य, म्हणजे खरा फरक पकडण्याची शक्यता, धरून). फरक एका प्रमाण विचलनाइतका असेल तर गटाला १६. अर्ध्या विचलनाइतकाच असेल तर ६४. फरक निम्मा झाला की नमुने चौपट लागतात, हे एकदा कागदावर पाहिलं की ‘सहा-सहा कुत्र्यांत बघू’ ही भाषा बंद होते. ते जमत नसेल तर प्रकल्पाला सरळ ‘प्राथमिक पाहणी’ म्हणा आणि पी-मूल्याच्या मागे न लागता फरकाचा अंदाज आणि त्याची विश्वास-मर्यादा द्या. त्यात कमीपणा काही नाही.

आणि मोजायचं ते प्राण्यांना, प्लेटमधल्या खळग्यांना नव्हे. तीन कुत्र्यांच्या पेशी प्रत्येकी दहा खळग्यांत वाढवल्या तर नमुने ३० होत नाहीत, तीनच राहतात. एका गाईचे चार सड, एका विणीतली पाच पिल्लं, एका गाठीचे सहा छेद: सगळीकडे हाच सापळा. परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो.

मार्गदर्शक निवडताना

नावाजलेल्या लॅबपेक्षा वेळ देणारी लॅब उन्हाळ्यात जास्त कामाची. मोठ्या लॅबमध्ये मुख्य संशोधक आठवड्यातून अर्धा तास भेटतात. रोजचं शिक्षण पीएचडी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडून किंवा तंत्रज्ञाकडून मिळतं. त्यामुळे पहिल्या भेटीत हे विचारावं:

- रोज माझ्या शेजारी कोण असेल, आणि ती व्यक्ती त्या काळात किती दिवस रजेवर आहे?
- प्राणी-नीतीची आणि जैवसुरक्षेची मंजुरी आज हातात आहे का? तिच्यात माझं नाव घालायला किती दिवस लागतात?
- मी वापरणार ते तंत्र या लॅबमध्ये याच प्रजातीवर चालू आहे का?
- मागच्या उन्हाळ्यातल्या विद्यार्थ्याचं पोस्टर पाहायला मिळेल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘उंदरावर चालतं, कुत्र्यावरही चालेल’ असं आलं तर सावध व्हा. त्याचं कारण पुढे येईल. चौथ्या प्रश्नाने आणखी काही न विचारताच बरंच कळतं.

ईमेल छोटं ठेवा: कोणत्या वर्षात आहात, कोणत्या तारखांना मोकळे आहात, त्यांच्या कामातला कोणता मुद्दा कशामुळे तुम्हाला महत्त्वाचा वाटला, आणि शेवटी वीस मिनिटांच्या भेटीची विनंती. दहा-बारा ओळी पुरतात. सुट्टी सुरू व्हायच्या निदान चार-पाच महिने आधी लिहा. नंतर जागाही भरतात आणि मंजुऱ्यांनाही वेळ उरत नाही.

मंजुऱ्या आणि स्वतःचा जीव

प्राण्यांवरच्या कामाचा पाया रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांवर उभा आहे: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, वापरायचेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमी करा. दवाखान्यात तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातलं उरलेलं रक्त वापरायलासुद्धा बहुतेक ठिकाणी मालकाची लेखी संमती आणि समितीची नोंद लागते. ‘उरलेलंच तर आहे’ हे कारण चालत नाही.

रेबीजची शक्यता असलेल्या प्राण्यांशी किंवा ऊतींशी संबंध येणार असेल तर प्रतिबंधक लस आधी घ्या. डोसांमध्ये अंतर असतं, त्यामुळे रुजू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ब्रुसेला हा प्रयोगशाळेत सहज लागण होणाऱ्या जंतूंपैकी एक. त्याच्या कल्चरचं काम तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीवर होतं, आणि उन्हाळी विद्यार्थ्याने त्यात न पडणंच शहाणपणाचं. गर्भपाताच्या नमुन्यांतला क्यू-तापाचा जंतूही असाच सहज लागण करणारा.

दोन धोके प्रशिक्षणात घाईघाईने उरकले जातात. पहिला: आरएनए काढायच्या अनेक द्रवांत ग्वानिडीन थायोसायनेट असतं, त्यावर ब्लीच ओतलं तर विषारी वायू सुटतो. हा कचरा वेगळ्या बाटलीत, आणि त्या बाटलीवर ‘ब्लीच नको’ असं ठळक अक्षरात. दुसरा: द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो आणि एका लिटरचा साधारण ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत किंवा लिफ्टमध्ये त्याचं भांडं घेऊन उभं राहू नये. गुदमरायला होतंय हे कळायच्या आत शुद्ध जाते.

पहिले तीन आठवडे: हात तयार करणं

पहिल्याच दिवशी पिपेट तपासा. चार दशांश स्थानांपर्यंत ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर ऊर्ध्वपातित पाणी १०० मायक्रोलिटर दहा वेळा टाका आणि दर वेळी वजन लिहा. सरासरी १०० मिलिग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवी. ती ९८ च्या खाली किंवा १०२ च्या वर असेल तर पिपेट दुरुस्तीला पाठवा. सरासरी बरोबर पण आकडे विखुरलेले असतील तर दोष हाताचा. बटण हळू सोडणं, टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवणं, तीच टिप आधी एकदा भरून रिकामी करणं, यांनी बराच फरक पडतो. सिरम चिकट असतं, त्यासाठी उलट पिपेटिंग शिका: दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून भरायचं, पहिल्या थांब्यापर्यंतच सोडायचं, उरलेलं टाकून द्यायचं.

एकास शंभर पातळ करायचं असेल तर एक मायक्रोलिटर आणि ९९ असं करू नका. दहा अधिक नव्वद, आणि त्यातून पुन्हा दहा अधिक नव्वद. एक मायक्रोलिटर मोजताना टिपेच्या बाहेर चिकटलेला थेंबसुद्धा मोठी चूक ठरतो.

मौल्यवान नमुन्यांना या काळात हात लावू नये. सराव टाकाऊ नमुन्यांवर, आणि एकच प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा करून आकडे जुळेपर्यंत.

नमुने नव्याने घेणार असाल तर नळीच्या झाकणाचा रंग आधी ठरवा; आत कोणतं रसायन आहे ते तो सांगतो. पीसीआरसाठी ईडीटीएची नळी. हेपरिन पीसीआरची अभिक्रिया रोखतं. ऊती फॉर्मॅलिनमध्ये टाकताना जाडी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि द्रव ऊतीच्या निदान दहापट. अख्खी प्लीहा छोट्या बरणीत कोंबली तर बाहेरचा थर टिकतो आणि आतलं सडतं.

क्यूपीसीआरची एक प्लेट, हिशोबासकट

क्यूपीसीआर म्हणजे एखाद्या जनुकाचा आरएनए नमुन्यात किती आहे ते मोजणारी पीसीआर. समजा २४ नमुने आहेत, एक लक्ष्य-जनुक आणि दोन संदर्भ-जनुकं (तुलनेसाठीची, सहसा न बदलणारी). एका जनुकासाठी: २४ नमुने प्रत्येकी तीन खळग्यांत, म्हणजे ७२. पाच पायऱ्यांची प्रमाण-मालिका (ठरावीक पटीने पातळ करत नेलेला नमुना) तीन-तीनदा, १५. नमुना न घातलेले तीन, आणि उलट-प्रतिलेखनाचं (आरएनएपासून डीएनए बनवणारं) विकर न घातलेले तीन. एकूण ९३. प्लेट ९६ खळग्यांची, म्हणजे एका जनुकाला एक प्लेट, एकूण तीन. सगळे नमुने एका जनुकासाठी एकाच प्लेटवर बसले, हे सगळ्यात महत्त्वाचं.

२० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत दुप्पट तीव्रतेचं मिश्रण १०, दोन्ही प्रायमर (१० मायक्रोमोलर) प्रत्येकी अर्धा, पाणी ७ आणि सीडीएनए (आरएनएपासून बनवलेला डीएनए) २. टिपेला चिकटून वाया जाणाऱ्यासाठी दहा टक्के जास्त धरा: १०२ अभिक्रियांचं एकत्र मिश्रण. म्हणजे दुप्पट मिश्रण १,०२० मायक्रोलिटर एका प्लेटला, तीन प्लेटना जेमतेम ३.१ मिलिलिटर. सरावासाठी तेवढंच आणखी. फ्रीजरमध्ये इतकं आहे का, ते दुसऱ्या आठवड्यात बघा. एकाच लॉटचं मागवा.

निकाल वाचायच्या आधी प्रमाण-मालिकेवरून येणारी प्रमाण-रेषा वाचा. उतार उणे ३.३२ असेल तर कार्यक्षमता १०० टक्के (दर फेरीला प्रती दुप्पट), उणे ३.६ ते उणे ३.१ म्हणजे साधारण ९० ते ११०, आणि हे चालतं. कार्यक्षमता ११० च्या वर गेली तर आनंद मानू नका: बहुधा दाट नमुन्यांत अभिक्रिया रोखणारं काहीतरी शिल्लक आहे, किंवा पिपेटिंग चुकलंय. नमुना न घातलेल्या खळग्यात संकेत आला तर वितळ-रेषा (तापवताना डीएनए कोणत्या तापमानाला सुटतो त्याचा आलेख) पाहा. शिखर कमी तापमानाला असेल तर प्रायमरच एकमेकांना चिकटलेत, लक्ष्याच्याच जागी असेल तर दूषण. तेव्हा पाणी आणि प्रायमरच्या उघडलेल्या नळ्या फेकून नव्या उघडा. दोषी नळी शोधत बसण्यात दोन दिवस जातात.

आरएनएची शुद्धता पाहताना २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं) दोनच्या आसपास हवं. २६०/२३० फार खाली असेल तर ग्वानिडीन किंवा फिनॉल उरलंय. एकदा जास्त धुवा. ही गुणोत्तरं आरएनए तुटलाय की नाही ते सांगत नाहीत, त्यासाठी जेल किंवा आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा अंक) लागतो.

प्रजातीचा सापळा

बाजारातली बहुतेक प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे रेणू) आणि एलायझा किट (त्यांच्या मदतीने प्रथिन मोजणारी चाचणी) माणसासाठी किंवा उंदरासाठी बनतात. कुत्रा, गाय, घोडा, मांजर यांच्या प्रथिनाला ती चिकटतील याची खात्री नसते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती भलत्याच प्रथिनाला चिकटून सुंदर रंग देऊ शकतात. म्हणून आधी प्रतिपिंड ज्या तुकड्यावर बनलं तो क्रम आपल्या प्रजातीच्या प्रथिनाशी जुळवून पाहा. मग त्याच प्रजातीच्या अशा ऊतीवर वापरा जिथे ते प्रथिन नक्की असतं, आणि अशा ऊतीवर जिथे नक्की नसतं. शेवटी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने शोधणारी चाचणी) पट्टा अपेक्षित वजनाला येतो का ते बघा. यातलं काहीच झालेलं नसेल तर उन्हाळ्याचा प्रकल्प हाच करा. ‘हे प्रतिपिंड कुत्र्यात चालतं का’ याचं स्वच्छ उत्तर पुढच्या दहा जणांच्या कामी येतं.

एलायझा किटसाठी दोन चाचण्या पुरतात. नमुन्यात ज्ञात मात्रा मिसळून ती ८० ते १२० टक्के परत मिळते का. आणि नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ केल्यावर (गुणून) तोच आकडा येतो का. प्लेटच्या कडेचे खळगे लवकर तापतात आणि सुकतात, म्हणून एका गटाचे सगळे नमुने कडेला आणि दुसऱ्याचे मधे असं कधीही लावू नका. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा.

पेशीसंवर्धनाबद्दल थोडक्यात. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके आणि गाईच्या एमडीबीके या पेशी १९५० च्या दशकापासून वापरात आहेत, आणि इतक्या फिरल्या आहेत की फ्रीजरमधली नळी खरंच तीच आहे का हे तपासल्याशिवाय काम सुरू करू नये. मायकोप्लाझ्मा या पेशीसंवर्धन दूषित करणाऱ्या अतिसूक्ष्म जीवाणूची चाचणी पहिल्या आठवड्यात: तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही जाऊ शकतो, माध्यम गढूळ करत नाही, आणि पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनला दाद देत नाही. गाईच्या विषाणूंवर काम असेल तर वापरायचं भ्रूण-सिरम बीव्हीडी (गाईंचा विषाणूजन्य अतिसार) विषाणूपासून मुक्त असल्याचा दाखला मागा. या विषाणूने दूषित सिरम ही जुनी आणि अजून न सुटलेली डोकेदुखी आहे.

वही आणि फाइल

वहीत शाईने, त्याच दिवशी. तारीख, रसायनाचा लॉट क्रमांक, यंत्र, कोणी काय मोजलं, आणि प्रोटोकॉलपासून काय वेगळं केलं. चुकलं तर एक आडवी रेघ; गिरवू नका, पान फाडू नका. ‘नेहमीप्रमाणे केलं’ हे वाक्य तीन महिन्यांनी कोणालाच उलगडत नाही.

यंत्रातून आलेली मूळ फाइल वाचण्यापुरती ठेवा आणि प्रतीवर काम करा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू केलं की क्रम आपोआप लागतो. एक्सेलमध्ये जनुकांची नावं तारखा बनतात, हे विसरू नका: सेप्ट-२ आणि मार्च-१ यांची अशी इतकी वाट लागली की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. स्तंभ आधी ‘मजकूर’ प्रकाराचा करा, मग चिकटवा.

स्लाइडवरची रंगाची तीव्रता मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. लेबलवर कोरी चिकटपट्टी आणि सांकेतिक क्रमांक. किल्ली दुसऱ्या कोणाकडे. २० टक्के स्लाइड आठवड्याने पुन्हा मोजून दोन्ही आकडे किती जुळतात ते कळवा. प्राण्यांवरचं काम कसं लिहावं याची अराइव्ह ही मार्गदर्शक सूची २०२० मध्ये सुधारून आली. तिच्यातले दहा आवश्यक मुद्दे शेवटी नव्हे, प्रयोग आखतानाच समोर ठेवावेत.

सारांश, पोस्टर आणि आवराआवर

परिषदेसाठीच्या सारांशाची मुदत बऱ्याचदा निकाल येण्याआधीच संपते. अशा वेळी निकाल अंदाजाने लिहू नका. आतापर्यंत किती नमुने तपासले, काय मोजलं, ते आकड्यांत लिहा. ‘निकालांवर चर्चा केली जाईल’ या वाक्याची जागा एक खरा आकडा घेऊ शकतो.

आठव्या आठवड्याच्या अखेरीस प्रयोग थांबवा. ‘अजून एक प्लेट’ हा मोह पोस्टरचा जीव घेतो. पोस्टर ए-० असेल तर ८४१ गुणिले १,१८९ मिलिमीटर. फाइल पहिल्यापासून त्याच मापात बनवा, नाहीतर शेवटी अक्षरं ताणली जातात. मजकूर ४०० शब्दांच्या आत. शीर्षकात निष्कर्ष, मधे एक मोठा आलेख आणि त्यात प्रत्येक प्राण्याचा वेगळा ठिपका. नुसते खांब लपवाछपवी करतात. दोन मिनिटांचं बोलणं पाठ करण्यापेक्षा आलेखाचे अक्ष समजावून सांगायचा सराव करा. फरक आढळला नसेल तर तसंच सांगा, आणि तुमच्या नमुन्यांच्या संख्येत किती मोठा फरक दिसू शकला असता तेही सांगा.

लेखकांत नाव येणार का, कोणत्या क्रमाने, हे पहिल्या महिन्यात विचारणं अवघड वाटतं; शेवटच्या दिवशी विचारणं त्याहून अवघड. जाण्याआधी फ्रीजरमधल्या प्रत्येक डब्याचा नकाशा करा: कोणता रॅक, कोणता खाना, कोणता क्रमांक, किती मायक्रोलिटर उरले. लेबल अल्कोहोलने पुसलं न जाणाऱ्या पेनने लिहिलेलं हवं. नकाशाची एक प्रत वहीत, एक फ्रीजरच्या दारावर, आणि एक त्या व्यक्तीच्या ईमेलवर जी पुढच्या सोमवारी तुमचेच नमुने काढणार आहे.